मिगेलाचं घर

मालवणातून आचऱ्याकडे निघालात आणि मध्येच उतरून ‘दिव्या गावडेचं घर कुठलं’ म्हणून विचारलंत, तर वाडीतली माणसं एकमेकांच्या तोंडाकडे बघत बसतील. ‘मिगेलाचं घर’ म्हणा, शेंबडं पोरही दारापर्यंत सोडायला येईल. आता गंमत बघा, माणसं गावडे, दारात तुळस, गणपतीत रोज भजन, आणि घराला नाव मिगेल! मागच्या नाताळात एका नव्या कुरियरवाल्याने दिव्याच्या बाबांच्या हातात पार्सल दिलं आणि म्हणाला, ‘मेरी ख्रिसमस, मिगेल अंकल!’ पार्सलात काय होतं, तर सत्यनारायणाची पोथी. बाबा, म्हणजे जितेंद्र, त्याला म्हणाले, ‘सेम टू यू.’ जितेंद्र होड्यांची इंजिनं दुरुस्त करतो. त्याचा फोन आला की लोकांच्या मोबाइलवर ‘मिगेल इंजिन’ असंच उमटतं, आणि त्याला त्याचं काहीसुद्धा वाटत नाही.

वाटायचं ते हौसाबाईला. हौसाबाई म्हणजे जितेंद्रची आई, दिव्याची आजी. तिच्यासमोर ‘मिगेल’ म्हणायची कुणाची छाती नव्हती, कारण ते नाव आलं होतं तिच्या नवऱ्याच्या मरणातून.

तिचा नवरा सत्यवान. एकाहत्तरच्या लढाईत पंजाबच्या सरहद्दीवर गेला, तेव्हा जितेंद्र पोटात होता. पुढे पलटणीतला एक जवान सत्यवानची ट्रंक घेऊन आला. घाटावरचा माणूस, एसटीतून उतरला, घर माहीत नाही म्हणून आधी नाक्यावर चहाच्या दुकानात टेकला. लोकांनी गराडा घातला, कसो गेलो रे सत्यवान? तो बिचारा सरळ, म्हणाला, मी तिथं नव्हतो, पण फोनवर शेवटी ओरडत होते म्हणे, ‘मी गेलो, मी गेलो!’

झालं! ट्रंक घरात यायच्या आधी ते दोन शब्द वाडीभर फिरून आले. आधी हळहळ झाली. मग पोरं मोठी झाली आणि पोरांना कसली दयामाया? जितेंद्र शाळेत धावताना पडला की ‘मी गेलो, मी गेलो’, कबड्डीत बाद झाला की ‘मी गेलो’. मीगेलो मीगेलो करता करता त्याचा मिगेल झाला, आणि गावात एकदा नाव पडलं की ते काय जातंय? हौसाबाई म्हणायची, “हयले किती जाण दर्यात बुडाले, तेंका कोण हसाक नाय. माझो घोव लढाईत पडलो आणि तेचा नाव ह्येनी चिडवूक घेतल्यानी.” पण आतून तिला सल वेगळाच होता. आपला नवरा शेवटी बुडणाऱ्या माणसासारखा ओरडत होता, हे तिला सोसवत नव्हतं. ती ते कुणाशी बोलायची नाही. दिव्याशी एकदाच बोलली होती.

आणि यंदा हे पुन्हा उकरून निघालं. गावच्या मंडळाचा अध्यक्ष भाई. भाईने ठरवलं की सव्वीस जानेवारीला एसटी थांब्याजवळ सत्यवानच्या नावाची पाटी लावायची. चांगलंच की! पण भाईला नुसतं नाव पुरेना, त्याला खाली ‘वीराचे शेवटचे शब्द’ पाहिजे होते, आणि ते त्याने स्वतःच तयार केले: ‘मी गेलो, पण देश राहिला.’ पेंटरकडून रंगवूनसुद्धा घेतले. हौसाबाईच्या कानावर आलं तशी ती तरातरा भाईच्या ओटीवर गेली.

“भाई, ती पाटी लागली तर मी पायताणान फोडीन.”

“अगे काकी, मान देतंव तेका!”

“हो मान? ह्या तर दगडार कोरून चिडवणा झाला. नायतर पाटीच नको.”

भाई हटेना, हौसाबाई हटेना. रंगवलेली पाटी भाईच्या पडवीत गोणपाटाखाली पडून राहिली.

दिव्याला मात्र चैन पडेना. तिला वाटायचं, आजोबा शेवटी आणखी काहीतरी बोलले असणार, दोनच शब्द कशाला? ते ऐकणारं कुणीतरी असेलच ना फोनच्या दुसऱ्या टोकाला? मग तिने आजोबांचा गणवेशातला फोटो, पलटणीचं नाव आणि गावाचं नाव टाकून इन्स्टाग्रामवर पोस्ट केली. चार दिवस खाली नुसते जोडलेल्या हातांचे इमोजी. पाचव्या दिवशी साताऱ्याच्या एका मुलाचा मेसेज आला: ‘फोटो बघून माझे आजोबा रडायला लागले. ते म्हणतात, फोनवर मीच होतो.’

दिव्या किंचाळलीच म्हणे!

त्या मुलाच्या आजोबांना, म्हणजे निकमांना, गुडघ्यांचा त्रास, पण त्यांनी ऐकलं नाही, नातवाला गाडी काढायला लावली आणि फोंडा घाट उतरून आले. दिव्या आणि तिचा मित्र ओमकार त्यांना आणायला नांदगावच्या तिठ्यावर जाऊन उभे. ओमकार म्हणजे कॅमेऱ्याचं काम. दिव्याच्या मोबाइलपेक्षा त्याचा मोबाइल बरा, म्हणून त्याची नेमणूक. गाडीतून उतरले तर ताठ माणूस, पांढरी मिशी, हातात काठी, आणि पहिलं वाक्य काय, तर “गावडेची नात का तू? हनुवटी त्याचीच.”

घरी हौसाबाई दारासमोरच्या खळ्यात खुर्ची मांडून, नवं लुगडं नेसून तयार होती. निकमांनी काठी बाजूला ठेवून तिला सॅल्यूट केला. ती गांगरली.

“असूंदे, भावजी. बसा. पाणी घेवा. वाटेत कायतरी खाल्लात काय?”

“खाल्लं वहिनी. तुमच्या घाटात पोटात राहिलं नाही, एवढंच.”

सगळे हसले आणि जरा मोकळं झालं. कलमाखाली सावली होती, आंब्याला मोहोर आलेला, तिथेच दोन खुर्च्या ठेवल्या. ओमकार कलमाला टेकून मोबाइल धरून बसला. जितेंद्र पायरीवर.

पण लगेच कुठलं लढाईचं? निकम विचारत होते, तेव्हा तुम्हाला इथं काय कळायचं, वहिनी? आणि हौसाबाई, जिला एरवी या विषयावर बोलतं करायला देव पाहिजे, ती सांगायला लागली. कंदिलाच्या काचेला काळं फडकं कसं बांधायचे, दर्याच्या बाजूची खिडकी गोणपाटाने कशी बंद केली होती. “पोलीस सांगान गेलो, दर्यार उजेड दिसता नये, बोट बघता आणि बाँब टाकता. माझी सासू इतकी भियाली, देवाकडली समईसुद्धा टोपलीखाली घाली. मी म्हटलंय, गे आये, देवाक तरी दिसाक होया आमी हय आसंव ता!” दुकानावर रेडिओ होता, त्याच्या बातम्या संध्याकाळी सगळ्या बायका ऐकायला जायच्या आणि पंजाबचं नाव आलं की तिच्याकडे बघायच्या. “माका बातम्यांपेक्षा तेंच्या बघण्याचा भय वाटा.”

निकम मान हलवत ऐकत होते. मग म्हणाले, “आमच्याकडं उलटं. उजेड असून दिसायचं नाही. धुकं.”

आणि ते सांगायला लागले. सरळ, एकामागून एक, गावची पेरणी सांगावी तसं.

पलटण एका बांधाच्या मागे होती. समोर मोकळं रान, पुढे नाला. सकाळी धुकं एवढं की हात लांब केला तर बोटं दिसायची नाहीत. म्हणून नाल्याच्या तोंडाशी खड्ड्यात एक माणूस बसवलेला, जवळ फोन, फोनची तार मागे बांधापर्यंत. टँक आले तर दिसणार नाहीत, पण आवाज येईल, तो माणूस सांगणार आले की नाही, किती आले. ते काम सत्यवानकडे होतं. मागच्या टोकाला फोनवर असायचा धोंडू, कुडाळकडचा.

“त्या दोघांचं तुमच्या भाषेत चालायचं,” निकम म्हणाले. “आम्ही चिडवायचो, काय रे, पाकिस्तानला कळू नये म्हणून बोलता का आम्हाला कळू नये म्हणून? त्या दिवशी धोंडूला ताप भरला, पहाटेच मागे नेला. मी तार ओढणारा, मला म्हणाले तू बस. चोंगा कानाला लावून बसलो. उजाडलं, धुकं तसंच. मग लांबून घरघर यायला लागली, आणि फोनवर एकदम गावडेचा आवाज.”

हौसाबाईने मान वळवली. ती विहिरीकडे बघत राहिली.

“‘मी गेलो’ म्हणाला. मग काही नाही. मी साहेबांना सांगितलं, गावडे गेला. साहेब म्हणाले, मग तिकडं आता माणूस घालवू नका. तेवढ्यात धुक्यातून टँक आलेच आमच्यावर. तीन. एक आम्ही जाळला, दोन वळले. दुपारी पुढं जाता आलं. खड्ड्यातच होता तो. बाजूला गोळा पडला होता.”

तेच शब्द, तेच दोन. घाट उतरून एवढ्या लांब येऊन पुन्हा तेच. दिव्याला रडायला आलं. पण ती चिवट, म्हणाली, “आजोबा, ते जसे बोलले ना, अगदी तस्सं बोलून दाखवता? आवाजासकट.”

“कशाला पोरी?”

“बोलूंदेत,” हौसाबाई विहिरीकडे बघतच म्हणाली. “इतकी वर्षां दुसऱ्याच्या तोंडान आयकलंय. ज्येनी आयकल्यान तेच्या तोंडान आयकूंदे एकदा.”

निकमांनी डोळे मिटले, उजवा हात कानापाशी नेला, आणि आवाज बदलला, तरुण माणसाचा झाला, घाईचा: “गेलो!” जरा थांबून, “गेलो रे धोंडू!” पुन्हा थांबून, “गेलो!”

आणि नेमका त्याच क्षणी ओमकार मोबाइल फेकून उडाला आणि खळ्यात नाचायला लागला. “मेलंय! मेलंय गे आवशी, मेलंय!” कलमावरचे तांबडे हुमले, त्या मोठ्या चावऱ्या मुंग्या, शर्टात शिरले होते त्याच्या! शर्ट काढतोय, पाठ झाडतोय, जितेंद्र धावून पाठीवर थापट्या मारतोय, आणि त्याचं आपलं एकच, मेलंय मेलंय.

निकम दचकून उभे राहिले. “काय झालं? काय म्हणतोय पोरगा?”

“मुंग्या चावल्या, आजोबा. मेलो म्हणतोय.”

“मेलो? ‘मेलंय’ म्हणाला की!”

“तेच ते. आमच्यात स्वतःबद्दल बोलताना मेलंय म्हणतात. मी मेलंय, मी इलंय, मी गेलंय. आणि दुसऱ्याबद्दल असेल तर, तो मेलो, तो इलो, तो…”

दिव्या तिथेच थांबली.

हौसाबाई खुर्चीतून उठली होती. “तो गेलो,” ती म्हणाली.

मग ती निकमांच्या समोर येऊन उभी राहिली. “भावजी, तेनी ‘मी’ म्हटल्यान? आठवा. ‘मी गेलो’ म्हटल्यान, की नुसता ‘गेलो’?”

निकमांनी पुन्हा हात कानाशी नेला. “‘मी’ नव्हतं,” ते म्हणाले. “‘मी’ माझं. साहेबांना सांगताना मी लावलं. गेलो म्हणजे मी गेलो, दुसरं काय असतं?”

“तुमच्यात नसता. आमच्यात माझो घोव मरणाच्या दारात असलो तरी आपल्याक गेलो म्हणाचो नाय. गेलंय म्हणतलो. नायतर मेलंय म्हणतलो, ह्यो ओमकार बोंबललो तसो. गेलो म्हणजे दुसरो कोणतरी गेलो.”

“कोण गेलो?” ओमकार उघड्या पाठीने विचारतोय.

“टँक!” जितेंद्र ओरडला. त्याच्या हातात अजून ओमकारचा शर्ट. “टँक गेलो! अरे, तो मोजी होतो! एक टँक फुडसून गेलो, म्हणालो गेलो. दुसरो गेलो, म्हणालो गेलो रे धोंडू. तिसरो गेलो. किती इले म्हणालात तुमी, तीन ना?”

“तीन,” निकम म्हणाले.

“आवशीक खाव!” जितेंद्र म्हणाला आणि हसत सुटला. हसता हसता मटकन पायरीवर बसला आणि शर्टाने डोळे पुसायला लागला, ओमकारच्याच शर्टाने, हुमल्यांसकट. दिव्या आजीला मिठी मारायला गेली, तर आजी तिच्याकडे बघतच नव्हती. आजी निकमांकडे बघत होती.

कारण निकम हसत नव्हते. ते खाली बसले होते आणि काठी हातात घट्ट धरली होती.

“म्हणजे तेव्हा तो जिवंत होता,” ते म्हणाले.

हे दिव्याच्या डोक्यातच आलं नव्हतं! ह्या म्हाताऱ्या माणसाला आपण बोलावून घेतलं, घाट उतरवून आणलं, आणि हे त्याच्या पदरात घातलं.

“मी गेला म्हणून सांगितलं. म्हणून माणूस पाठवला नाही. तो तिथं बसून काम करत होता आणि मी…”

“भावजी,” हौसाबाई म्हणाली. ती त्यांच्या शेजारच्या खुर्चीत बसली. “मगे तुमी फोन ठेवलात?”

“नाही.”

“नाय ठेवलात?”

“ठेववेना. गेला हे माहीत होतं, पण ठेववेना. गोळीबार चालू होता तरी खांद्यात धरून होतो. दुपारी पुढं जायचा हुकूम आला, तेव्हा सोडला.”

“तेच्यात मागसून आवाज इलो काय?”

“नाही.”

“हाक?”

“नाही. पण तार तुटली असेल, वहिनी. गोळ्यानं तुटते.”

“आसात तुटलेली,” हौसाबाई म्हणाली. “ता आता कोणाक म्हायत? गोळो तेव्हाच पडलो आसात, मगे पडलो आसात. तुमी आयकीत होतात, तितक्या माका पुरे.”

तिने हे असं सांगितलं, जसं आज बांगडे किती आले ते सांगावं. निकमांनी काठी खुर्चीला टेकवली. मग दिव्याला म्हणाले, “तो मोबाइल लाव परत. माझं नाव घेऊन सांगतो. गावडेनं बरोबर सांगितलं, मी चुकीचं ऐकलं. सगळ्यांना कळू दे.”

“काय गरज नाय,” हौसाबाई म्हणाली.

“आहे वहिनी. त्याच्या नावाला पन्नास वर्षं बट्टा लागला.”

“आणि उद्या तुमच्या नातवाक गावात ‘भयरो निकम’ म्हणान चिडवतले! माका म्हायत आसा ता काय असता. तुमी सांगा तार खराब होती.”

“तार चांगली होती. मीच ओढली होती.” निकम एकदम ताठ झाले. “चुकलं ते माझं चुकलं, माझ्या तारेला कशाला नाव ठेवायचं?”

हौसाबाईसुद्धा हसली. मग दोघांची घासाघीस सुरू झाली, भाजीवाल्याशी करतात तशी. शेवटी ठरलं की निकमांनी सांगायचं, पण आधी जेवायचं, आणि धोंडू तापात होता हेही सांगायचं, आणि ही बोली साताऱ्याच्या माणसाला कळायचं कारणच नाही हे हौसाबाई स्वतः शेजारी बसून सांगणार. जेवताना त्यांनी तिच्याकडून ‘गेलंय’ म्हणायला शिकून घेतलं. चार वेळा ‘गेलोय’ झालं, पाचव्या वेळी जमलं. नातू म्हणाला, आजोबा, गाडीत काय म्हणायचं ते आता कळलं, ओकलंय.

आणि जेवण झाल्यावर, हात पुसता पुसता, हौसाबाईने जितेंद्रला भाईचा फोन लावायला सांगितला. स्पीकरवर.

“भाई, पाटी लाव तू. पण ‘मी’ नको.”

“मी नको?” पलीकडून भाईचा आवाज एकदम चढला. “काकी, असा काय करतंस? मी अध्यक्ष आसंय! कार्यक्रम माझो, पाटी माझी, आणि मीच नको?”

“अरे मेल्या, तू हवो तितको उभो रव! पाटीरलो ‘मी’ नको. तो खरवडून काड. तो ‘पण’ आणि ‘देश राहिला’ तापण काड. नुसता ‘गेलो’ ठेव.”

“नुसता गेलो? अगे, लोक विचारतले, कोण गेलो म्हणान!”

“विचारूंदेत! तेच्यासाठीच ठेव.”

भाईला काही उमगेना, तो पुन्हा पुन्हा विचारतोय, कोण गेलो, काय गेलो. आणि मग हौसाबाई, जिने इतक्या वर्षांत तो शब्द नवऱ्याच्या नावाबरोबर तोंडातून काढला नव्हता, ती खळ्याच्या मधोमध जाऊन उभी राहिली, मोबाइल तोंडासमोर धरून, दर्यातल्या होडीला हाक मारावी तशी ओरडली. शेजारची स्वप्ना हातातली केरसुणी घेऊन दगडी गडग्यापाशी आली, पलीकडच्या घरातली माणसं ओटीवर आली.

“टँक गेलो! आयकलंस? एक गेलो! मगे दुसरो गेलो! मगे तिसरो गेलो!”

“आणि सत्यवानकाका?” भाईने विचारलं. “तो खंय गेलो?”

“तो खंय जातलो?” हौसाबाई म्हणाली. “तो थंयच बसान सांगीत होतो.”